शुक्राचे रडार नकाशे वाचताना या चुका टाळा

पुण्यात आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये नवीन मुलं आली की पहिली चूक ठरलेली, चित्रात उजळ म्हणजे तिथे ऊन पडलंय. अरे ऊन नाहीये ते! शुक्राच्या ढगांतून साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही म्हणून नासाच्या मॅगेलन यानाने 12.6 सेंटीमीटरच्या रेडिओ लहरी सोडून परतीचा प्रतिध्वनी मोजला. खडबडीत जमीन उजळ, गुळगुळीत लाव्हा काळा, कारण तिथून लहर पलीकडेच निघून जाते.

पण खरा घोळ दिशेचा. गेल्या वर्षी कोथरूडला एक मुलगा रात्रभर जागून दोन चित्रं घेऊन आला, एकाच डोंगराची, आठ महिन्यांच्या अंतराची, म्हणाला दादा कडा ढासळलाय बघा. मी पण पाच मिनिटं हरखलो होतो. मग लेबल, म्हणजे चित्रासोबतची माहितीची फाइल, उघडलं तर एक चित्र मॅगेलनच्या नकाशे काढायच्या पहिल्या फेरीतलं, म्हणजे यानाच्या डावीकडे बघून घेतलेलं, दुसरं दुसऱ्या फेरीतलं, उजवीकडचं. रडार अंतर मोजतं ना, म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला उतार आखडतो आणि चकाकतो, मागचा लांबतो आणि मंद होतो. सिंहगडावर खडकवासल्याकडून एकदा आणि कल्याण दरवाजाकडून एकदा तिरकं रडार मारलं तर तिथेही असंच होईल, गड जागचा हललेला नसताना. पोराचा चेहरा पडला, मलाही वाईट वाटलं, पण लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात आणि ती कुणालाच द्यायची नसतात. 2023 मध्ये शुक्रावरच्या माट मॉन्स या पर्वतावरचं ज्वालामुखीचं मुख बदलल्याचा निष्कर्ष आला, तिथेही फेब्रुवारी आणि ऑक्टोबर 1991 ची चित्रं वेगळ्या दिशांची होती, म्हणून त्या संशोधकांनी मुखाचे वेगवेगळे आकार धरून संगणकावर रडार चित्रं बनवली, ताडून पाहिली, मग लिहिलं. मी स्वतः प्रिंटवर पेन्सिलने बाण काढतो, रडार कुठून बघतंय त्याचा, आणि बाण नसलेल्या चित्रावर चर्चा करत नाही.

काळ्याकुट्ट सरळ पट्ट्या म्हणजे दरी नव्हे, तिथे डेटाच नाही.

ती नारिंगी थ्रीडी चित्रं बघून उतार मोजू नका, काहींत उंची 22.5 पट ताणलीय.

आणि उंचीची फाइल चित्राएवढी बारीक समजू नका. चित्राचा पिक्सेल 75 मीटरचा, उंचीच्या एका मोजणीत मात्र कित्येक किलोमीटर जमीन येते, छोट्या टेकडीची उंची त्यातून निघणार नाही. त्यासाठी पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची जोडी शोधा, दोन्ही डावीकडची पण कोन वेगळे, सगळीकडची मिळत नाही पण जिथे मिळते तिथे तीच वापरा.