किनाऱ्यावरून गळ टाकण्याआधी : तयारीची यादी, शिशापासून वर

पहिल्यांदा गळ टाकायला निघालेला माणूस बहुधा आधी काठी घेतो, मग काठीला शोभेल असं रील, मग हाताला लागेल ते तंगूस (नायलॉनचा एकेरी दोर), आणि शिसं, म्हणजे दोराला बांधायचं वजन, शेवटी, उरलेल्या चिल्लरमधून. ही यादी उलटी करा. पाण्याखाली काय आहे त्यावरून शिसं ठरतं, शिशाच्या वजनावरून काठी, काठीवरून रील आणि दोर. हा क्रम पाळला की निम्मी खरेदी आपोआप गळून पडते.

म्हणून सामान घ्यायच्या आधी ओहोटीला रिकाम्या हाताने किनाऱ्यावर चक्कर मारा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण असेल तर उत्तम, कारण तेव्हा पाणी सर्वांत लांब ओसरतं आणि एरवी झाकलेला तळ उघडा पडतो. वाळू कुठे संपते, खडक कुठे सुरू होतो, पाणी साचून राहणारे चर कुठे आहेत, हे फोनवर टिपून ठेवा. भरतीत मासा याच चरांतून काठाकडे येतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका.

आता शिसं. शांत पाणी आणि स्वच्छ वाळू असेल तर ४० ते ६० ग्रॅम पुरतं. लाटा किंवा ओढ असेल तर ८० ते १२० ग्रॅम, आणि तेही वाळूत रुतणारं : पिरॅमिडच्या आकाराचं किंवा तारेचे पाय असलेलं. खडकात मात्र पाय असलेलं शिसं टाकणं म्हणजे ते समुद्राला दान करणं. तिथे गुळगुळीत, निमुळतं शिसं चालतं. जुना नट किंवा स्पार्क प्लगही चालतो, तोही बऱ्याचदा परत येत नाही. शिसं विषारी असतं, ते हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि दातांनी तर ते कधीच दाबू नका.

काठीवर ती किती वजन फेकू शकते हे ग्रॅममध्ये छापलेलं असतं. आधी तो आकडा वाचा, रंग नंतर बघा. ८० ग्रॅमचं शिसं वापरणार असाल तर ५० ते १०० ग्रॅमची काठी बरोबर, कारण आमिषाचंही वजन धरावं लागतं. लांबी १० ते ११ फूट ठेवा. १३ फुटी काठीने फेक लांब जाते हे खरं, पण फेकण्याची रीत बसल्यावर. तोवर ती फक्त खांदा दुखवते. दुमडून एकात एक शिरणारी टेलिस्कोपिक काठी पिशवीत मावते म्हणून मोह होतो, पण तिच्या सांध्यांत वाळू शिरते. दोन किंवा तीन तुकड्यांची घ्या.

रीलबद्दल फार डोकं खपवू नका. ५००० किंवा ६००० क्रमांकाचं साधं स्पिनिंग रील पुरे, मात्र प्रत्येक कंपनीचा क्रमांक वेगळा असतो म्हणून स्पूलवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या चकरीवर, किती मीटर दोर मावतो तेही बघा. ०.३५ मिलिमीटरचं तंगूस २०० मीटरहून जास्त मावलं म्हणजे झालं. दोर स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरा. कमी भरला तर फेक आखडते, जास्त भरला तर वेटोळी सुटून गुंता होतो. ड्रॅग, म्हणजे माशाने जोरात ओढलं की दोर सोडणारा रीलचा ब्रेक, घरीच लावून ठेवा : दोराला ताणकाटा बांधून ओढा, दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणाला स्पूल फिरायला हवा.

विणलेला ब्रेडेड दोर की साधं तंगूस, यावर अनुभवी लोक तासन्‌तास भांडतात. नवख्यासाठी माझं मत तंगुसाच्या बाजूने आहे. ते ताणलं जातं, त्यामुळे घाईत मारलेला झटका सांभाळून घेतं. खडकावर घासलं तरी त्याच ताकदीच्या ब्रेडेडपेक्षा जास्त टिकतं, आणि गुंता झाला तर सुटतो. ब्रेडेड बारीक असल्यामुळे लांब जातो, माशाचा हलका चावाही हाताला कळतो, पण वाऱ्यात त्याच्या गाठी पडतात आणि ताणात बोट कापतं. तो पुढच्या हंगामासाठी राहू द्या.

या यादीत एक गोष्ट ऐच्छिक नाही, ती म्हणजे शॉक लीडर : मुख्य दोराच्या पुढे जोडलेला जाड, मजबूत तुकडा. फेकताना सगळा झटका दोरावर येतो. दोर तिथे तुटला तर शिसं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं आणि कोणाच्या डोक्याला लागलं तर जीव जाऊ शकतो. ठोकताळा सोपा आहे : दर २८ ग्रॅम शिशामागे १० पौंड ताकद. म्हणजे ८५ ग्रॅमला ३० पौंडांचा लीडर. त्याची लांबी काठीच्या दुप्पट, शिवाय स्पूलवर चार-पाच वेढे बसतील इतकी.

गाठी दोनच शिका. गळ आणि स्विवेल (दोराला पीळ पडू न देणारी फिरती कडी) बांधायला युनी नावाची गाठ, आणि दोराला लीडर जोडायला युनीचीच जोडगाठ. आवळण्याआधी गाठ ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने दोर जळतो आणि नेमका तिथेच तुटतो. डोळे मिटून बांधता येईपर्यंत घरी सराव करा, कारण अंधारात, वाऱ्यात, चिकट हातांनी बांधायची वेळ येतेच.

मांडण्याही, म्हणजे शिसं आणि गळ दोराला जोडायच्या रचनाही, दोनच. पहिली सरकत्या शिशाची. लीडरवर आधी शिसं ओवा, मग मणी, मग टोकाला स्विवेल. स्विवेलच्या दुसऱ्या कडीला ५० ते ६० सेंटिमीटर तंगूस आणि त्याला गळ. मासा आमिष उचलून चालू लागला तरी दोर शिशातून सरकत राहतो, त्याला वजन जाणवत नाही. मणी शिशाचा मार गाठीपर्यंत पोहोचू देत नाही, तो गाळू नका. ही मांडणी स्वच्छ वाळूची आणि जवळच्या फेकीची. जोरात फेकलं तर गळ मागे फिरून दोरातच अडकतो.

दुसरी, शिसं तळाशी आणि गळ वर. शिशाच्या हातभर वर १५ ते २० सेंटिमीटरचा आडवा फाटा, त्याला गळ. दुसरा फाटा लावायचा असेल तर दोन्ही गळ एकमेकांना पोहोचणार नाहीत इतकं अंतर ठेवा. हवेत ही सरळ जाते आणि आमिष तळापासून उचललेलं राहतं, त्यामुळे खेकड्यांचा फराळ थोडा कमी होतो. खडकात हीच वापरा, फक्त शिसं मुख्य दोराहून कच्च्या तंगुसाने बांधा. अडकलं की शिसं जातं, मासा आणि बाकीची मांडणी परत येते. अशा कच्च्या बांधणीने हळूच, जवळ टाकायचं. जोरात फेकायचं नाही. तरंड्याची मांडणी खडकाच्या कडेच्या खोल पाण्यात छान चालते, पण ती तिसरी शिकायची.

दोन्हींचे पाच-पाच संच आदल्या रात्री बांधून वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा. मासे चावत असताना किनाऱ्यावर बसून गाठी मारण्यासारखा वेळेचा नाश नाही.

गळांचे आकडे गोंधळात टाकतात : ४ पेक्षा २ मोठा, २ पेक्षा १ मोठा, आणि १/० पासून आकडा वाढेल तसा गळ वाढतो. ४, २ आणि १/० जवळ असू द्या. टोक नखावर हलकेच ओढून बघा. घसरलं तर बोथट, रुतलं तर धारदार. टोक आत वळलेला सर्कल गळ असेल तर झटका देऊ नका, दोर ताणून नुसता गुंडाळत जा, गळ बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. दातेरी माशांचा किनारा असेल तर गळामागे वीतभर तार लावा.

किरकोळ सामानात लांब नाकाची पक्कड, तार कापणारी कातर, डोक्याला बांधायची बॅटरी, फडकं, प्रथमोपचाराची पेटी, मोजपट्टी आणि मऊ आमिष गळावर गुंडाळायला बारीक लवचीक धागा. मोजपट्टी कशाला? पुष्कळ ठिकाणी ठरावीक लांबीखालचा मासा सोडावा लागतो. तिथले नियम आणि लागत असेल तर परवाना आधीच बघून घ्या.

खडकावर जाणार असाल तर एकटे जाऊ नका, तळव्याला पकड असलेले बूट आणि लाइफ जॅकेट घाला. पोहोचल्यावर वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा. जो खडक ओला आहे तिथे लाट येऊन गेलेली आहे, तो सोडा. समुद्राला पाठ दाखवू नका. कार्बनची काठी वीज वाहून नेते, म्हणून वरच्या तारांखाली फेकू नका आणि ढग गडगडायला लागले की काठी आडवी ठेवून आसरा गाठा.

ओळख नसलेला मासा हाताने धरू नका, फडक्यात धरून पकडीने गळ काढा. पुष्कळ माशांच्या परांचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-एक तास बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. फुगणारा मासा खायचा नाही, शिजवल्यानेही त्याचं विष जात नाही.

परतल्यावर ड्रॅग आवळून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. किनाऱ्यावर कापलेले दोराचे तुकडे खिशातून परत आणा, आणि वापरलेल्या गळांपैकी गंजलेले वेगळे काढा, ते डब्यात पुन्हा टाकू नका.