आधी बंद डबा करा, झाकण मग कापा

कुणाला तरी हाताने बनवलेला लाकडी डबा द्यायचा मनात आलं की सगळे आधी झाकणाच्या नक्षीपासून सुरुवात करतात, मीही तेच केलं होतं, आणि पहिल्या डब्याचं झाकण एका बाजूने २ मिमी बाहेर आणि दुसऱ्या बाजूने आत, घासून घासून जुळवायला गेलो तर अजूनच वाकडं. तेव्हापासून झाकण वेगळं बनवणं बंद. सहाही बाजू चिकटवून एक बंद खोका करायचा आणि मग करवतीने त्याचंच झाकण कापून काढायचं, म्हणजे ते जुळणारच, कारण ते त्याच लाकडाचं आहे ना.

डब्यात काय ठेवणार ते आधी मोजून घ्या. पत्रं, घड्याळ, पेनं असलं काही असेल तर बाहेरून २०० × १२० मिमी आणि उंची ८० पुरते. लाकूड १० ते १२ मिमी जाडीचं, सुकलेलं, सरळ रेषांचं आणि गाठी नसलेलं घ्या. चारही बाजूंची बेरीज ६४० मिमी होते पण करवतीत जातं आणि एखादा काप चुकतोच, म्हणून ७५० ची एकच फळी घ्या आणि रुंदी ८० नाही तर ८३ ठेवा, झाकण कापताना करवत २-३ मिमी खाणार आहे. एकाच फळीतून ओळीने लांब, आखूड, लांब, आखूड असे तुकडे काढले की लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे जातात, आणि डबा एकदम महागातला वाटतो. तुकड्यांवर पेन्सिलने १ ते ४ नंबर टाका, नाहीतर टेबलावर सगळे सारखेच दिसतात.

तुकडे करायच्या आधीच फळीच्या आतल्या बाजूला, वरच्या आणि खालच्या काठापासून ५-६ मिमी सोडून लांबच लांब खोबण मारून घ्या, वर आणि तळाला ४ मिमीचं प्लाय त्यात बसेल. इथे अख्खी फळी नको, प्लायच हवं, कारण हवेतल्या ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं आणि सांधे उघडतात, प्लाय जवळपास हलत नाही.

आता ४५ अंशाचे काप. समोरासमोरचे दोन तुकडे अगदी सारख्या लांबीचे हवेत, एक वेळ दोन्ही १९९ झाले तरी चालेल, पण एक २०० आणि एक १९९ असेल तर कोपऱ्यात फट आलीच म्हणून समजा.

चिकटवण्याआधी आतली बाजू घासून पॉलिश करून टाका, नंतर कोपऱ्यात बोट जात नाही. आत लाखेचं पॉलिश लावा, तेल नको, बंद डब्यात तेलाचा वास महिनोन् महिने राहतो. सांध्यांच्या तोंडावर मात्र पॉलिश लागू देऊ नका, गोंद धरत नाही.

मग चारही तुकडे बाहेरची बाजू वर करून एका रांगेत ठेवा, जोडांवर मास्किंग टेप ताणून लावा, सगळं उलटं करा, कापांना गोंदाचा पातळ हात द्या, पाच मिनिटांनी दुसरा (कापलेलं टोक पहिला हात पिऊन टाकतं), प्लाय खोबणीत घाला आणि चटई गुंडाळावी तसं गुंडाळून शेवटचा कोपरा टेपने बंद करा. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर काटकोन बरोबर, नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने हलकेच दाबा. एक दिवस हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी वरून २५ मिमीवर चारही बाजूंनी रेघ मारा आणि समोरच्या बाजूला रेघेच्या वर-खाली दोन्हीकडे एक खूण करा, झाकण उलटं बसवलं तर रेषा जुळत नाहीत. पातळ पात्याची करवत घ्या आणि एका बाजूने आरपार न जाता डबा फिरवत फिरवत कापा. शेवटची बाजू उरली की आधीच्या कापांत करवतीच्या जाडीच्या पट्ट्या अडकवून वरून टेप लावा, नाहीतर झाकण खाली बसतं आणि पातं चिमटतं. हे सगळं झाल्यावर झाकण उचललं ना की ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतो, माझ्यासाठी अख्ख्या कामातला हाच क्षण! सपाट काचेवर १८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून कापलेले काठ त्यावर घासून घ्या.

बिजागरी मी लावत नाही. आतून ५ मिमी जाडीच्या पट्ट्या घट्ट बसवायच्या, खालच्या डब्याच्या काठापेक्षा ५ मिमी वर येतील अशा, आणि त्यांची वरची कड थोडी गोल करायची. झाकण त्यावर सरकत बसतं.

बाहेरून १२०, १८०, २४० असे पेपर रेषांच्या दिशेनेच. ओल्या फडक्याने पुसून बघा, गोंद राहिला असेल तिथे फिकट डाग दिसतो, तो आत्ताच खरवडा. मग जवसाच्या तेलाचे (बॉइल्ड, म्हणजे लवकर वाळणारं) दोन पातळ हात, मध्ये एक दिवस. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, खरंच घेतात, पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि डबा आठवडाभर उघडा ठेवल्याशिवाय गिफ्ट पेपर गुंडाळू नका, कागद तेलाला चिकटतो.