संत्र्याचा रस कडू का होतो? ज्यूसर वापरताना या चुका टाळा

काटोल, नरखेड, वरुड आणि मोर्शी या पट्ट्यात हंगामात संत्र्यांना तोटा नसतो, आणि ज्यूसरही आता गावोगावी पोहोचले आहेत. तरीही सकाळी काढून ठेवलेला रस दुपारी पाहुण्यांपुढे ठेवला की कडू लागतो आणि ‘आपला संत्रा रसाला चालत नाही’ असे म्हणून घरातली मंडळी मोकळी होतात. वर्षभर ओलित सांभाळून, झाडांना ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, धरलेल्या बहराच्या फळावर असा शिक्का बसावा, हे मला पटत नाही. बहुतेक वेळा दोष फळाचा नसून, त्या फळाला न मानवणाऱ्या यंत्रातून रस काढल्याचा असतो.

नागपुरी संत्र्यात बिया बऱ्याच असतात. या बियांमध्ये आणि फोडींवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात असा एक घटक असतो, जो अखंड फळात कडू नसतो. पण बी फुटली किंवा पापुद्रा भरडला गेला की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचे लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात रूपांतर होते. म्हणूनच ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी त्याच रसाला कडवटपणा येतो. साखर वाढवल्याने ही चव थोडी झाकली जाते, जात मात्र नाही.

आता यंत्राकडे पाहू. वेगाने फिरणाऱ्या ज्यूसरमध्ये तळाशी दातेरी चकती असते. ती मिनिटाला हजारो फेरे घेत फळ किसते आणि भोवतालच्या जाळीतून रस बाहेर फेकला जातो. या चकतीला गर आणि बी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे सोललेल्या फोडी बियांसह टाकल्या की बियांचाही कीस होतो. स्लो ज्यूसरमध्ये मळसूत्रासारखा दांडा मिनिटाला साधारण ४० ते १०० फेरे घेत फळ जाळीवर दाबतो. त्यात फेस कमी येतो आणि चोथा कोरडा निघतो. पण बिया दाबल्या जातातच, म्हणून ‘महागाचे यंत्र आहे, बिया काढायची गरज नाही’ हा समज चुकीचा आहे.

तिसरा प्रकार म्हणजे शंकूवर अर्धे फळ दाबून फिरवण्याचा. मोसंबीसाठी तो उत्तम आहे, कारण मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते. संत्र्याची साल ढिली असते. अर्धे संत्रे शंकूवर दाबले की साल हातात राहते आणि आतला गर एकसंध गोल फिरू लागतो. मग आपण जोर वाढवतो आणि सालीतले तेल व पापुद्र्याचा कडवटपणा दोन्ही रसात उतरतात.

संत्र्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती पुरणाची स्टीलची चाळण. फळ सोलून पांढरे दोरे काढावेत, फोडी चाळणीत घ्याव्यात आणि वाटीच्या बुडाने हलक्या हाताने दाबाव्यात; रस खाली उतरतो, बिया अखंड वर राहतात. चाळण पितळेची नसावी, कारण आंबट रस पितळेला लागून खराब होतो. ज्यूसरच वापरायचा असेल तर प्रत्येक फोडीची आतली कड कापून बिया आधी काढून टाकाव्यात. काम वेळखाऊ आहे, पण रसाची चव त्यावरच ठरते.

लिंबू पिळणीची चूक तर घरोघरी दिसते. अर्धे लिंबू वाटीसारखे, कापलेली बाजू वर करून ठेवले जाते आणि रस बाजूने उडतो. कापलेली बाजू खाली, छिद्रांकडे हवी. मग वरचा भाग लिंबाला उलटे करतो आणि रस सरळ खाली पडतो.

पपई, केळी आणि आंबा ज्यूसरमध्ये टाकू नयेत. त्यांचा गर जाळीवर लेप धरतो आणि रस जवळजवळ निघत नाही; ही फळे मिक्सरची आहेत. पालक किंवा कोथिंबीर वेगवान ज्यूसरमध्ये वाया जाते, स्लो ज्यूसरमध्ये ती चांगली पिळली जाते; मात्र गव्हांकुरांसारखी लांब धाग्यांची पाने बोटाच्या पेराएवढी कापून टाकावीत, नाहीतर धागे दांड्याला गुंडाळले जातात. आवळ्याची बी काढलीच पाहिजे. ऊस घरच्या यंत्रात घालू नये, त्याला चरकच हवा.

मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि त्यानंतर लगेच ऊन तापू लागते. संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाले की लाइन डिम होते. अशा वेळी ज्यूसरचा वेग पडतो, मोटर अडखळते आणि आतल्या आत तापते. तेव्हा दट्ट्याने आणखी जोर देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. यंत्र अचानक बंद पडले तर ते जळाले असे लगेच समजू नये. बऱ्याच यंत्रांच्या तळाशी ओव्हरलोडचे छोटे बटण असते. प्लग काढून, अडकलेला चोथा साफ करून, मोटर पूर्ण थंड झाल्यावर ते दाबावे. बटण पुन्हा पुन्हा उडत असेल किंवा जळका वास येत असेल, तर कारागिराला दाखवावे.

वेगवान ज्यूसर थरथरू लागला तर बहुधा जाळीच्या एका बाजूला चोथा साचलेला असतो. यंत्र थांबवून जाळी धुवावी. हे काम रस काढल्याबरोबर करावे, कारण वाळलेला चोथा बारीक छिद्रांत घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी रस कमी निघतो. ब्रश बाहेरून आत फिरवावा, मग जाळी उजेडासमोर धरून पाहावी. जिथे उजेड येत नाही तिथे छिद्रे अजून बुजलेली आहेत. जाळीची कड तडकलेली दिसली तर ती चिकटवून वापरू नये, बदलूनच घ्यावी, कारण त्या वेगात सुटलेला तुकडा हाताला किंवा डोळ्याला लागू शकतो.