क्रेन किती टनांची, यापेक्षा किती अंतरावर किती उचलते ते विचारा

नाशिकजवळ सिन्नर-अंबडला शेड उभी करायची असो वा गंगापूर रोडला इमारत, फोन ठरलेलाच असतो: ‘१४ टनी हायड्रा पाठवा.’ हायड्रा म्हणजे माल उचलून चालणारी चाकांची क्रेन. पण ते १४ टन बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, आत ओढलेला आणि माल मशीनला चिकटून असतानाचे. बूम पूर्ण बाहेर काढला की एक-दोन टनच उरू शकतात. म्हणून भाडं ठरवण्याआधी त्याच मॉडेलचा लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं याचा तक्ता, मागून घ्या.

आधी वजन काढा. आरसीसी घनमीटरला २५०० किलो धरतात. ६ मीटर लांब, ३०० बाय ४५० मिलिमीटरचा प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेला) बीम ०.८१ घनमीटर, म्हणजे २०२५ किलो. हूक, स्लिंग (माल बांधायचा दोर), शॅकल (जोडकडी) मिळवून सव्वादोन टन धरा. ट्रकवरून उचलताना आणि जागेवर ठेवताना क्रेनपासूनचं अंतर टेपने मोजा. त्यातलं जास्त असेल ते घ्या. त्या अंतरावर चार्टमध्ये किमान ३ टन दिसलेच पाहिजेत. पाऊण क्षमतेच्या पुढे जाऊ नका.

दोन पायांची स्लिंग आडव्याशी ६० अंशांत असेल तर एका पायावर सुमारे ११७० किलो ताण येतो. तीच आखूड घेऊन ३० अंशांवर आली की प्रत्येक पायावर बीमचं सगळं २०२५ किलो येतं. स्लिंग तुटण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं, आणि दोष मात्र दोराला दिला जातो.

जमिनीकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. नाशिकची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पावसाळ्यात मात्र जॅक, म्हणजे क्रेनला टेकू देणारे पाय, गिळते. जॅकवर उभ्या क्रेनचं स्वतःचं वजन २४ टन धरलं, तर ते आणि सव्वादोन टन माल मिळून सव्वासव्वीस टन. बूम एका कोपऱ्यावर आला की त्याचा पाऊण भाग, म्हणजे सुमारे २० टन, एकाच जॅकवर येऊ शकतो. एक मीटर चौरस फळीवर तो चौरस मीटरला २० टन पडतो. ओल्या काळ्या मातीला तो झेपत नाही. दीड मीटर चौरस जाड सागवानी किंवा पोलादी मॅट घेतली तर दाब ९ टनांपर्यंत येतो. तरीही शंका असेल तर माती काढून मुरूम भरा, थरांनी दाबा. नुकत्याच बुजवलेल्या चरावर किंवा सेप्टिक टाकीजवळ जॅक टेकवू नका.

हायड्रा माल घेऊन चालते हा तिचा गुण, पण मधल्या सांध्यातून वळताना ती कलंडण्याचा धोका वाढतो. माल जमिनीलगत ठेवा, उतारावर आडवं चालवू नका, आणि माल हाताने धरून कोणी बाजूने चालू नये. माल सावरायला त्याच्या दोन्ही टोकांना दोरी बांधा. पंचवटीतल्या अरुंद गल्लीत १२ मीटरच्या सळया क्रेनने फिरवण्यापेक्षा कापून, वाकवून बिल्डर होइस्टने (बांधकामावरच्या माल चढवायच्या यंत्राने) वर नेणं बरं. रोज उंच माल चढत असेल तर टॉवर क्रेन परवडते, महिन्यातून दोनदाच लागत असेल तर नाही.

तपासणीचं प्रमाणपत्र, चालकाचा परवाना आणि डोक्यावरच्या वीजतारा आधी पाहा. पहिला माल वीतभरच उचलून थांबा. जॅकखालची फळी दबते का, स्लिंग सरकते का, ब्रेक धरतो का, हे पाहूनच पुढे वर न्या.