संस्थेच्या इमारतीला मालमत्ता करमाफी हवी? अर्ज करताना या चुका टाळा

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, आयकराचं ८०जी प्रमाणपत्र आहे, काम वर्षानुवर्षं चालू आहे, तरी महापालिका करमाफीचा अर्ज फेटाळते. असे बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी कमी पडतात. त्यात संस्थेची माहिती भरपूर असते, पण इमारतीच्या कोणत्या खोलीत रोज काय चालतं याबद्दल एक ओळही नसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम १३२ माफी देतं ते जागेला. ती जागा, किंवा तिचा जो भाग, केवळ सार्वजनिक पूजाअर्चेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी ताब्यात आहे आणि वापरला जातो, तेवढाच माफीला पात्र ठरतो. संस्था कितीही नावाजलेली असो, तपासला जातो तो वापर.

(मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम १४३ लागू होतं. नगरपालिका आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा, तर ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा कायदा आहे. पुढचं सगळं मुंबईबाहेरच्या महापालिकांबद्दल आहे.)

बिल शून्य होईल असं धरून चालणं

कलम १३२ ची माफी फक्त सर्वसाधारण कराला आहे. घरपट्टीच्या बिलात त्याखेरीज पाणीपट्टी, मलप्रवाह किंवा सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष उपकर, राज्य शासनाचा शिक्षण कर असे वेगवेगळे रकाने असतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर तर १९६२ च्या वेगळ्या कायद्याखाली लागतात, महापालिका ते शासनासाठी गोळा करते. त्यामुळे ‘संपूर्ण मालमत्ता कर माफ व्हावा’ असं लिहू नका. ‘कलम १३२(१)(ब) खाली सर्वसाधारण करातून सूट मिळावी’ असं लिहा आणि कोणत्या मजल्यासाठी, किती चौरस फुटांसाठी, तेही तिथेच नमूद करा. मोघम मागणीवर मोघम नकार येतो आणि त्याविरुद्ध पुढे भांडणंही अवघड जातं.

८०जी आणि १२ए वर भिस्त ठेवणं

ही प्रमाणपत्रं आयकराची आहेत. ती जोडायला हरकत नाही, पण त्यांच्या आधारावर घरपट्टी माफ होत नाही.

भाड्याचं उत्पन्न

बरेच अर्ज इथेही अडकतात. कलम १३२(२) नुसार ज्या भागात व्यापार-धंदा चालतो किंवा ज्या भागाचं भाडं येतं, तो भाग धर्मादाय वापराचा धरला जात नाही. ते भाडं पै न् पै धर्मादाय कामावर खर्च झालं तरीही नाही. ‘सभागृहाच्या भाड्यातूनच आम्ही मुलांच्या फिया भरतो’ हा युक्तिवाद विश्वस्त मनापासून करतात, पण कायद्यानेच तो दरवाजा बंद केला आहे.

सुटकेची वाट पुढच्याच पोटकलमात आहे. इमारतीचा एखादा भाग माफीला पात्र असेल तर करआकारणीपुरता तो स्वतंत्र मिळकत मानला जातो. म्हणून सगळी इमारत एकाच अर्जात एकजीव दाखवणं ही घोडचूक आहे. समजा, तळमजल्यावर मोफत दवाखाना, पहिल्या मजल्यावर लग्नकार्यांना दिला जाणारा हॉल, दुसऱ्यावर अभ्यासिका आणि गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. माफी मागायची ती तळमजला आणि दुसऱ्या मजल्यासाठी. हॉल आणि टॉवरची जागा करपात्र म्हणून आपणच दाखवायची. लपवल्यास पाहणीला आलेला निरीक्षक ते टिपतो, आणि मग बाकीच्या दोन मजल्यांवरचा विश्वासही जातो. जिने आणि व्हरांडा कोणत्या भागाबरोबर धरला आहे, तेही नकाशावर रंगाने वेगळं करून दाखवा.

संस्था स्वतःच भाडेकरू असेल तर तिथेही हेच कलम आड येतं, कारण त्या जागेचं भाडं मालकाला मिळत असतं. मालकाने जागा विनामूल्य दिली असेल तर तसा लेखी करार हवा, तोंडी सांगणं पुरत नाही.

हिशेबाची कागदपत्रं न वाचताच जोडणं

अर्जासोबत मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल द्यावेत. त्यातलं परिशिष्ट ९, म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक, अधिकारी आधी उघडतात. त्यात उत्पन्नाच्या बाजूला ‘भाडे’ हा रकाना छापीलच असतो. अनेक ठिकाणी हिशेबनीस शिबिरार्थींची नाममात्र वर्गणी, प्रशिक्षणाची फी, वाचनालयाची अनामत असं सगळं सवयीने त्यात टाकतात. मग भाडं कुठलं, हे समजावत बसावं लागतं. जे खरोखर भाडं आहे तेच त्या रकान्यात ठेवा, बाकीच्या रकमा योग्य शीर्षाखाली दाखवायला लेखापरीक्षकांना सांगा. जुने अहवाल बदलता येत नाहीत. त्यांच्यासाठी रकमेचा तपशील आणि पावत्यांच्या नमुना प्रती असलेलं टिपण जोडा.

शाळा आणि रुग्णालयांनी जास्त काळजी घ्यावी. दिल्ली महापालिकेच्या कायद्याखालच्या चिल्ड्रन बुक ट्रस्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये नुसतं शिक्षण देणं पुरेसं मानलं नाही. संस्था स्वेच्छा देणग्यांवर, निदान अंशतः, चालते का, हेही पाहिलं. दिल्लीच्या कायद्यातली ही अट आपल्या कलम १३२ मध्ये तशी नाही. तरी पूर्ण फी घेणाऱ्या संस्थेला धर्मादाय बाजू आकड्यांनी सिद्ध करावीच लागते: किती विद्यार्थ्यांना फीमाफी, किती रुग्णांना मोफत उपचार, त्याची नोंदवही कुठे.

नावं न जुळणं

करआकारणी नोंदवहीत दात्याचं नाव, वीजबिल माजी अध्यक्षांच्या नावावर, मिळकत पत्रिकेवर संस्थेचं जुनं नाव. असा अर्ज गुणवत्तेपर्यंत पोहोचतच नाही. आधी महापालिकेच्या दप्तरी नाव हस्तांतरित करून घ्या. ही मिळकत धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ वर, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, चढली आहे का, तेही पाहा. नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली बदल अर्ज दाखल करा. त्याची मुदत बदल झाल्यापासून ९० दिवस आहे. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्जही सोबत द्या. वीजजोडणी वाणिज्यिक दराची असेल तर धर्मादाय वापराच्या मजल्यासाठी स्वतंत्र मीटर घ्या आणि योग्य वर्गवारी मागा. पाहणीच्या वेळी मीटर आणि त्याचं बिल पाहिलं जातंच.

रिकाम्या जागेसाठी अर्ज

‘येथे वृद्धाश्रम होणार आहे’ हा ठराव म्हणजे वापर नव्हे. मोकळा भूखंड, अर्धवट बांधकाम किंवा कुलूपबंद मजला यांना माफी मिळणं कठीण. वापर सुरू झाल्यावर हजेरीपत्रक, लाभार्थी नोंदवही आणि तारखेसह फोटो जमवून अर्ज करा. लाभार्थींची यादी फक्त सभासदांची किंवा एकाच कुटुंबाची निघाली, तर काम ‘सार्वजनिक’ आहे हे पटवणं जड जातं.

अर्ज दिला म्हणून बिल थांबवणं

निर्णय होईपर्यंत मागणी चालूच राहते. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. १ लाख रुपये दहा महिने थकले तर २० हजार रुपये वर. पाणीपट्टीसारखे वाद नसलेले कर वेळेत भरा. सर्वसाधारण कराची रक्कम ‘हक्क राखून’ असं पत्र देऊन भरा आणि पत्राची पोच घ्या.

नव्या आकारणीची विशेष नोटीस आली की तिच्यावर छापलेल्या मुदतीत हरकत नोंदवा. सुनावणीला मूळ कागदपत्रं आणि मजलानिहाय वापराचा तक्ता घेऊन जा. निर्णय विरुद्ध गेला तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं. त्याची मुदत फक्त १५ दिवस आहे आणि मागणीची रक्कम आधी महापालिकेत भरावी लागते. विश्वस्त मंडळाची पुढची सभा महिन्याभराने असेल तर मुदत तोवर संपलेली असते. म्हणून अर्ज करतानाच एका विश्वस्ताला अपिलाचे अधिकार देणारा ठराव करून ठेवा.

अर्ज मंजूर झाला तर आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि पुढच्या सहामाहीच्या बिलात त्या भागाचा सर्वसाधारण कर खरंच वगळला आहे का, ते रकाना पाहून तपासा. आदेश फाइलमध्ये आणि मागणी जुनीच, असं घडतं. तसं दिसलं तर आदेशाची प्रत जोडून त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.