चिक्की परदेशी पाठवायची तर
दुबईहून पहिली मागणी आली तेव्हा मी आधी खोकी शोधायला धावले. चूक. आधी पाक पाहा. गुळाच्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे, दाताला चिकटला तर अजून कच्चा. घाईत मी तो तसाच उतरवला आणि पहिल्या खेपेतल्या वड्या एकमेकींना घट्ट चिकटल्या.

मग शेंगदाणे. युरोपात थेट खायच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीमुळे तयार होणारं विष, एकूण किलोला 4 मायक्रोग्रॅमच चालतं. काळपट, सुरकुतलेला दाणा हाताने वेचून फेकून द्या, प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत तपासून घ्या. एफएसएसएआयचा म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना आणि आयात-निर्यात कोड हे कागदाचं काम, होतं.

सुरुवातीला एकच पदार्थ धरा. इटलीतल्या आल्बाचे पिएत्रो फेरेरो मिठाईवालेच. युद्धानंतर कोको मिळेना, म्हणून 1946 मध्ये त्यांनी तिथलेच हेझलनट घालून सुरीने कापायची वडी केली. मुलगा मिकेले यांनी पुढे त्यातूनच 1964 मध्ये न्युटेला, म्हणजे पावाला लावायचं कोको-हेझलनटचं मिश्रण, आणलं. आता त्यांच्या फेरेरो कंपनीचा एक कारखाना आमच्या बारामतीत आहे. गूळ आणायला मी त्याच्यावरूनच जाते.