दिवाडी-चोडणला दोन रात्री: आधी पंचांग बघा, मग बुकिंग करा

गोव्यात बेटावर राहायचं म्हटलं की लोक समुद्राकडे बघतात. राहण्याजोगी बेटं आहेत ती मांडवी नदीत: दिवाडी, चोडण, जुवे, कुंभारजुवे. इथे वाळू नाही आणि पोहणंही नाही. मांडवीच्या खाड्यांत आणि कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसायची हौस पणजीच्या मिरामारवर भागवून घ्या. शेतं, खारफुटी, पक्षी आणि जुनी घरं एवढ्यावर खूश असाल तरच पुढे वाचा.

मुक्काम दिवाडीत ठेवा आणि चोडण एका सकाळीत करा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मात्र या दिवसांतलीही कुठलीही तारीख चालत नाही, कारण चोडणच्या टोकावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य भरती-ओहोटीवर चालतं. १९८८ साली घोषित झालेलं हे अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं आहे. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि चरायला जागा नसल्याने पक्षी आत झाडांत जाऊन बसतात. पूर्ण ओहोटीला पक्षी भरपूर, पण अरुंद खाडीत होडी रुतते. हवी ती वेळ मधली: ओहोटी संपून पाणी चढायला लागल्यावरचे दीड-दोन तास.

ही वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला भरती साधारण तीनला, म्हणजे ओहोटी सहा तास आधी, नऊच्या सुमारास. षष्ठीला भरती साडेचारला, ओहोटी साडेदहाला. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. सकाळच्या पक्ष्यांसाठी द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध किंवा वद्य कुठलीही, सर्वांत सोयीची. हिशेब ढोबळ आहे; गोव्यात पाणी तासभर आधीही चढतं आणि रायबंदरपर्यंत यायला त्याला पुन्हा थोडा वेळ लागतो. म्हणून तारीख तिथीवरून ठरवा, पण तास मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून. अष्टमीच्या आसपास पाणी कमी हलतं, तेव्हा फरक फारसा जाणवत नाही. ते दिवस टाळलेले बरे.

रेल्वेने येणाऱ्यांनी तिकीट मडगावचं न काढता करमळीचं काढावं. हे स्टेशन जुन्या गोव्याला लागून आहे आणि दिवाडीचा धक्का तिथून अगदी जवळ. विमानाने आलात तर दाबोळी मोपापेक्षा जवळ पडतं.

बेटावर वाहन लागतंच. भाड्याची स्कूटर घेताना पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत हे बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं तर त्रास तुम्हालाच. स्कूटरमध्ये बहुधा पेट्रोल नावालाच असतं. धक्क्यावर जायच्या आधीच टाकी भरा.

आता फेरीबोट. दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली गेलात की धक्का लागतो. पलीकडे जायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि शेवाळामुळे निसरडा होतो. स्कूटर पहिल्यांदा घसरते ती इथेच. मागे बसलेल्याला उतरवा, वेग कमी ठेवा, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. चारचाकी बोटीत लावल्यावर हँडब्रेक ओढा. सकाळी आणि संध्याकाळी कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची गर्दी असते, त्या वेळी सामानासकट मोटार घेऊन जाऊ नये. खिशात सुटे पैसे असू द्या. रात्री बाहेर जेवायला जाणार असाल तर शेवटची बोट कधीची हे जातानाच धक्क्यावर विचारून घ्या.

खोली घेताना सोय फोटोंवरून ठरवू नका. रात्रीचं जेवण मिळतं का आणि ते कधी सांगावं लागतं, एवढं फोनवर नक्की करा. दिवाडीत खाणावळी मोजक्या, आणि दुपारी एक ते चार दुकानांची झोपायची वेळ. नदीची मासळी हवी असेल तर चोणक किंवा शेवटे आदल्या दिवशी सांगून ठेवा. न्याहारीची काळजी नको, पोदेर पाव घेऊन दारात येतो.

पहिल्या दिवशी ऊन उतरल्यावर पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चला जा. वरून खाजन शेती नीट कळते: बांध, त्यातली मानशीची दारं, आणि भरतीच्या पातळीखालची भाताची खाचरं. भरतीला दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. बांधावरून चाला, खाचरात उतरू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे जुन्या गोव्याला परत या, नदीकाठच्या रस्त्याने रायबंदर गाठा आणि तिथून चोडणची बोट घ्या. अभयारण्य पलीकडच्या धक्क्याला लागूनच आहे. होडीचं आदल्या दिवशीच ठरवा आणि होडीवाल्याला तक्त्यातला तास सांगा, नाहीतर तो त्याच्या सोयीने नेईल. ८×४२ची दुर्बीण पुरे. खंड्या, बगळे, चिखलात उड्या मारणारे निवटे हमखास दिसतात. कपडे मळकट रंगाचे, मच्छरांसाठी मलम, आणि प्रत्येकी दीड लिटर पाणी.

परतताना आल्या वाटेने येऊ नका. चोडणहून मयेमार्गे रस्त्याने नार्वेला जा. तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी पाडलं. नार्वेच्या धक्क्यावरून बोट थेट दिवाडीला येते, तेव्हा देवाच्या दोन्ही जागा एकाच फेरीत होतात.

ऑगस्टमधला चौथा शनिवार बोंदेरामचा, म्हणजे दिवाडीतल्या झेंड्यांच्या उत्सवाचा. बघायचा असेल तर खोली फार आधी घ्या आणि स्कूटर जुन्या गोव्यातच ठेवून चालत बोटीत चढा. त्या दिवशी धक्क्यावर वाहनांची रांग हलत नाही. पावसात होडीतून पक्षी बघण्याचा बेत धरू नका. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटात काय येईल ते नदीवर अवलंबून.

निघायच्या दिवशी गाडीच्या वेळेच्या दोन तास आधी दिवाडी सोडा. एक बोट चुकली आणि दुसरी बिघडली तरी नार्वेकडून वळसा घालून करमळी गाठायला तेवढा वेळ लागतो.